मऊ पेशी

आमच्या प्रयोगशाळेतला अणुबल सूक्ष्मदर्शक बघत नाही, चाचपतो. त्याची सुई जिवंत पेशीवर हलकेच टेकते आणि पेशी किती दबली ते पडद्यावरच्या रेषेत दिसतं. निरोगी पेशी थोडी अडून राहते. कर्करोगाची पेशी मुकाट्याने दबते. दुष्ट गोष्ट टणक असणार, असं मला आधी वाटायचं. पण ती मऊ असते, म्हणूनच अरुंद फटींतून सरकत शरीरभर पोचते. हे मोजता येतं. थांबवता येत नाही.

मावशीच्या गाठीचा रिपोर्ट कर्करोगाचा आल्यापासून ती मला रोज फोन करते. घरात विज्ञान शिकलेली मी एकटीच. आज तिने विचारलं, "तू त्या पेशी दाबून बघतेस ना? माझ्या कशा असतील गं?"

"मऊ असतील," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मऊ? मग बरंय की! मला वाटलं, दगडासारख्या असतील." तिने लगेच आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? मऊ असतात म्हणे!"

काका हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

मी फोन कानाशी धरून ते हसणं ऐकत राहिले.