एकाच नावाचे सात लॅपटॉप

ऑफिसात त्यांना सगळे फौजदार म्हणत. पोलीस खात्याशी त्यांचा संबंध एवढाच, की चौकशी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांची नोकरी विमा कंपनीच्या चार मजली ऑफिसातले संगणक चालते ठेवण्याची. पण साधं पेन उठेनासं झालं तरी ते आधी विचारत, "शेवटचं कोणी वापरलं?" घरी दुधाची पिशवी फुटली तरी हाच प्रश्न. बायको म्हणायची, "यांच्या मनात पाल कायमची राहायलाच आलीय. चुकचुकायला वेगळी यावी लागत नाही."

अशा माणसाच्या नशिबी नेमकं आपोआप होणारं काम आलं. नवा संगणक नेटवर्कला जोडायचा, चालू करायचा आणि बाजूला व्हायचं. तळमजल्यावरचा सर्व्हर त्याला ओळखायचा, नाव द्यायचा, ऑपरेटिंग सिस्टम घालायचा, त्या त्या विभागाची सॉफ्टवेअर चढवायचा. पाऊण तासात यंत्र तयार. फौजदारांना हे कधीच मानवलं नाही. आपोआप म्हणजे कोणीतरी करतंय, फक्त आपल्याला दिसत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांच्या हाताखाली एकच माणूस होता, बायकोचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी फौजदारांनीच शब्द टाकून त्याला चिकटवला होता. नोकरी कंत्राटी, दर वर्षी मुदत वाढवून घ्यायची. मेहुणा कमी बोलायचा, आणि कमी बोलणारा माणूस फौजदारांच्या लेखी काहीतरी लपवणारा माणूस.

त्या महिन्यात सव्वाशे नवे लॅपटॉप आले. इतके पातळ, की नेटवर्कची वायर खुपसायला त्यांना भोकच नव्हतं. मध्ये एक बोटभर अडॅप्टर लावावा लागे. ऑफिसात त्याला शेपटी म्हणत. कंपनीने दहा शेपट्यांचा खोका मागवला, पण खोक्याची चिकटपट्टी आधीच उघडलेली निघाली. फौजदारांनी खोका आल्या पावली स्टोअरला परत पाठवला, स्वतः दुकानात जाऊन एक सीलबंद शेपटी आणली आणि खणात कुलपात ठेवली. लॅपटॉपचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. जुने डेस्कटॉप नव्याने भरायचं, म्हणजे पुसून पुन्हा सिस्टम घालायचं काम मेहुण्याला दिलं. त्या डेस्कटॉपना वायरीची जागा होती, शेपटीची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी फौजदारांनी सात लॅपटॉप तयार करून दावे विभागात वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा जण दारात उभे. पासवर्ड बरोबर आहे, पण लॅपटॉप आत घेत नाही. सातवा तेवढा मजेत काम करत होता. फौजदारांनी सहापैकी एक परत भरला. तो चालू झाला, आणि दुपारी सातव्याची मालकीण धापा टाकत जिना उतरून आली. आता तिचाही लॅपटॉप तिला ओळखत नव्हता. एकाचं दुरुस्त केलं की दुसऱ्याचं बिघडायचं. शेवटी जो भरला तेवढाच चालायचा.

त्यांनी सर्व्हरवर पाहिलं, तर सातही लॅपटॉपना एकच नाव. हाताने नाव बदलून पाहिलं, परत भरलं की पुन्हा तेच. सात जणांना एकच नाव आपोआप कसं मिळेल? कोणीतरी मुद्दाम देतंय. आणि सर्व्हरचा पासवर्ड दोघांकडेच होता.

मग फौजदारांनी वही केली. मेहुणा कधी आला, कधी चहाला गेला, कोणाशी फोनवर बोलला. मेहुण्याने पन्नास डेस्कटॉप भरले होते आणि एकही बिघडला नव्हता. हा तर त्यांना पुरावाच वाटला. स्वतःच्या कामाला धक्का न लावता माझं नासवतोय! विभागात वरिष्ठाची जागा निघणार होती, तीही फौजदारांसाठी जवळजवळ ठरलेली. त्यामुळे कारणही सापडलं. साप साप म्हणून भुई धोपटायला आणखी काय लागतं?

त्यांनी विभागप्रमुख मॅडमना लेखी तक्रार दिली. सोमवारी मेहुण्याचा पासवर्ड काढून घेतला, आणि शुक्रवारी संपणारी मुदत वाढणार नाही, असं त्याला तोंडी सांगण्यात आलं. त्याची बायको आठव्या महिन्यात होती.

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली.

"माझ्या भावाचं नाव तुम्ही दिलंत?"

"मी काय पाहिलं ते लिहिलं."

"करताना पाहिलंत त्याला?"

फौजदारांनी पाणी मागितलं. तिने तांब्या त्यांच्याकडे सरकवला आणि उठून गेली.

मंगळवारी सकाळी पुन्हा दोन जण दारात उभे. सोमवारी संध्याकाळी तीन लॅपटॉप भरले होते, त्यातला शेवटचाच चालत होता. मेहुण्याकडे आता पासवर्ड नव्हता. म्हणजे चोरून दुसरा ठेवलाय, या वेळी रंगेहाथ पकडतो, अशा तयारीने फौजदार सर्व्हरची नोंद उघडून बसले. इतक्या दिवसांत त्यांनी माणसाच्या नोंदी दोनदा तपासल्या होत्या, यंत्राच्या नोंदीची पहिलीच वेळ.

प्रत्येक ओळीत एक क्रमांक होता. सर्व्हर यंत्राला त्याच क्रमांकावरून ओळखतो. तो नेटवर्कच्या जोडणीचा असतो आणि जगात दोन जोडण्यांचा सारखा नसतो. मेहुण्याच्या पन्नास ओळींत पन्नास वेगळे क्रमांक. फौजदारांच्या सगळ्या ओळींत एकच. त्यांनी टेबलावरचे लॅपटॉप उलटेपालटे करून पाहिले, कोणावरही तो क्रमांक नव्हता. मग चष्मा काढून शेपटी डोळ्यांजवळ धरली. पाठीवर बारीक अक्षरात तोच छापलेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सर्व्हरला लॅपटॉप दिसतच नव्हते, दर वेळी ती शेपटीच दारात उभी दिसत होती. ओळखीची म्हणून तो तिला जुनंच नाव द्यायचा, आणि नव्याला नाव मिळालं की आधीच्याचं जायचं. स्टोअरमधल्या दहा शेपट्या आळीपाळीने वापरल्या असत्या तरी घोळ झाला असता, पण असा दर वेळी नाही, आणि कोणालातरी लवकर कळला असता.

उपाय आता पाच मिनिटांचा होता. शेपटीचा क्रमांक सोडून लॅपटॉपच्या स्वतःच्या क्रमांकावरून ओळख, असं सर्व्हरला सांगितलं की संपलं. उद्यापासून एकही लॅपटॉप बिघडणार नाही. पासवर्ड काढून घेतल्यावर एक-दोन दिवसांत बिघाड थांबला, म्हणजे तोच होता, असं अख्खं ऑफिस म्हणेल. शुक्रवारी मेहुणा जाईल, वरिष्ठाची जागा मिळेल, आणि खरं काय ते शेपटीला आणि त्यांना सोडून कोणालाही कळणार नाही. त्यांना स्वतःची भीती वाटली, अगदी खरी भीती.

ते उठले आणि मॅडमकडे गेले.

मॅडमनी सगळं ऐकलं. "बरं झालं आज आलात. न सांगता बिघाड थांबला असता, तर मी त्यालाच दोषी धरून बसले असते. पण तक्रार लेखी आहे, मागेही लेखीच घ्यावी लागेल. चूक कोणाची ते त्यात लिहा, त्याची मुदत मी वाढवते. वरिष्ठाच्या जागेचं मग पुन्हा बघावं लागेल, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," फौजदार म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं.

मेहुणा तळमजल्यावर वायरी गुंडाळत होता. फौजदारांनी त्याला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. शेपटी, क्रमांक, मॅडमचं टेबल. तुझी मुदत वाढतेय, म्हणाले. माझं चुकलं, हेही म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं घरातल्या कोणीही आजवर ऐकलं नव्हतं.

मेहुण्याने वायरीला गाठ मारली. "शेपटीचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, भाऊजी."

"मग बोलला का नाहीस? नोकरी जात होती तुझी!"

"एकदा सांगायला आलो होतो. तुम्ही वही झाकलीत." तो जरासा हसला. "आणि सांगितलं असतं, तर तुम्ही पहिलं काय विचारलं असतं? तुला कसं माहीत, हेच ना?"

फौजदारांनी वायरीचं दुसरं टोक उचलून गुंडाळायला घेतलं. खरं सांगायचं, तर त्या क्षणीही त्यांच्या जिभेवर तोच प्रश्न आला होता.