शेजाऱ्यांच्या पदवीतलं गाव

नेदरलँड्समध्ये फोरबर्गला आमच्या शेजारी एक इंग्रज आजोबा राहायचे. निवृत्त शिक्षक, डच बायको गेल्यावरही इथेच राहिले. एका रविवारी ते कागदांचं जाडजूड पाकीट घेऊन आले. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून त्यांना घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर मांडून हवी होती. लांबचा एक चुलतभाऊ निपुत्रिक वारला होता आणि त्याची बॅरन ही इंग्लंडमधली सरदारकीची पदवी आता यांच्याकडे येत होती.

मी तासभर नावं जोडत बसले. पदवी बापाकडून मुलाकडे, मुलगा नसेल तर भावाकडे, भाऊही नसेल तर चार पिढ्या मागे जाऊन भलत्याच फांदीवर. त्यात एकाच नावाचे चार पुरुष. मी दोनदा मुलाला बापाचा बाप केलं. मुली तर मोजलेल्याच नव्हत्या. आजोबांना एकच मुलगी, ॲमस्टरडॅमजवळ डीमनला नर्स. तुमच्यानंतर काय, असं मी विचारलं. पदवी संपेल, ते सहज म्हणाले.

मग त्यांनी मूळ सनदेची प्रत पुढे केली. पदवीला भारतातल्या एका गावाचं नाव जोडलेलं होतं आणि त्याचा उच्चार त्यांना माझ्याकडून हवा होता. स्पेलिंग वेडंवाकडं होतं. मी मोठ्याने वाचलं आणि थबकले. ते माझ्या आईचं माहेर. यांच्या पूर्वजाने तिथली गढी जिंकली, म्हणून ही पदवी मिळाली होती.

मी तसं सांगितलं.  ते म्हणाले, "मी माफी मागायला हवी का?"

 मला राग यायला हवा होता, पण समोर बसलेल्या या म्हाताऱ्यावर तो काढायचा तरी कसा? मी तिथल्या तिथे भारतात आईला फोन लावला. गढीवर लढाई झाल्याचं तिने कधी ऐकलंच नव्हतं. ती म्हणाली, "पाहुणे आहेत ना? मग जेवायला थांबव."

ते जेवले, भात दोनदा मागून घेतला.

महिन्याभराने त्यांनी सांगितलं की पदवीवर हक्क सांगणारे कागद त्यांनी लंडनला पाठवलेच नाहीत. पदवी नाकारली नव्हती, फक्त मागितली नव्हती. हे माझ्यामुळे का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आणि खरं सांगायचं तर, ऐकून मला बरं वाटलं की चुटपुट लागली, तेही मला धड कळलं नाही.