चर्चच्या दुधाचे पेढे

दुधाच्या भुकटीचा वास आला की मला आजही मळमळतं. दोष भुकटीचा नाही, आमच्या काकांचा आहे.

दुष्काळाचं साल होतं. बिडकीन गावाकडची एक धनगरीण शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्याकडे भांडी घासायला यायची. मेंढरं चाऱ्यावाचून मेलेली, नवरा खडी फोडायला गेलेला, आणि कडेवरची पोर अशी वाळलेली की बघवत नसे. जवळच्या चर्चमध्ये रोज सकाळी दुष्काळी गावच्या पोरांना भुकटीचं दूध पाजत. ती पोरीला तिथं नेऊ लागली. थोड्याच दिवसांत पोरीच्या गालावर जरा मांस दिसू लागलं, ती हसायलाही लागली.

काकांना हे कळलं. "दूध पाजून बाटवतात ते लोक!" ओट्यावर बसून त्यांनी बाईला सुनावलं. "पुन्हा तिथं गेलीस तर आमच्या भांड्यांना हात लावायचा नाही."

आमच्याकडची शिळी भाकरी हाच तिचा आधार. तिनं मान खाली घातली आणि पोरीचं चर्चमधलं दूध बंद केलं. पोर पुन्हा सुकत चालली. काका मात्र धर्म राखला म्हणून गल्लीभर मिरवत होते. त्या मिरवण्याची मला शिसारी यायची.

श्रावणात त्यांनी सत्यनारायण घातला. शिऱ्याबरोबर पेढेही हवेत, हा त्यांचा हट्ट. जनावरं आटलेली, खवा कुठून मिळणार? मग गुलमंडीच्या बाजारातून त्यांनी चोरून विकायला आलेली भुकटी आणली. पिशवीवर चर्चचा शिक्का तसाच होता. काकूनं पेढे वळले, देवापुढं ठेवले.

आरती झाल्यावर बाईच्या हातावरही एक पेढा पडला. तिनं तो पोरीला भरवला. पोरीचा चेहरा उजळला.

"आय, चर्चातलं दूध!"

बाईनं बोटं हुंगली. "व्हय का वो मालक?"

"देवाला दाखवलं की शुद्ध होतं," काका म्हणाले. लाज नाही, काही नाही.

"मंग माझ्या लेकीचा पेला बी दावायचा हुता की देवाला. कशापायी उपाशी ठिवली तिला?"

दुसऱ्या दिवशी खरकटी भांडी तशीच पडून होती. शाळेत जाताना मला बाई चर्चच्या दुधाच्या रांगेत दिसली, पोर कडेवर. संध्याकाळी मी घरी सांगितलं, तर काका उरलेला पेढा चघळत म्हणाले, "बघा, शेवटी गेलीच ना धर्म सोडून!"