कोळशातला दादा

दादाचा एकही फोटो घरात नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, हे आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. गिरणीतल्या दोस्तांबरोबर तो एकदा स्टुडिओत जायला निघाला, तर हिने त्याचा एकुलता एक चांगला सदरा भिजत घातला. तोच दादा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात फाउंटनकडे गेला आणि गोळी लागून गेला. मला आईचा इतका राग आला होता की तिच्याकडे बघवत नव्हतं.

तेराव्याला भिंतीवर लावायला काहीतरी हवं होतं. लालबागच्या आमच्या खोलीत एकच ट्रंक. ती मी तीनदा उपसली. फोटो कुठून निघणार? तळाशी, जुन्या लुगड्याखाली, बिस्किटाचा डबा हाताला लागला. माझाच. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला बसले तेव्हा दादाने पहिल्या पगारातून आणलेलं सामान त्यात होतं. पुढे वडील गेले, माझी शाळा सुटली आणि डबा ट्रंकेत गेला. रंगाच्या वड्यांना भेगा पडल्या होत्या, ब्रशचे केस कसरीने खाल्ले होते, खोडरबराचा दगड झाला होता. कोळशाच्या चार कांड्या मात्र कापसात जशाच्या तशा होत्या.

मी आईला म्हटलं, "मी काढते दादाला."

पुढचे तीन दिवस मी खिडकीत बसून होते. आज सांगायला लाज वाटते, पण मी सुखात होते. कांडी कागदावर टेकली आणि सगळं विसरला असं वाटलेला हात आपणहून चालायला लागला. कबड्डीत फुटलेली भुवई, नाकावरचा उंचवटा, हसू दाबताना आत ओढलेला खालचा ओठ. चुकलेलं पुसायला पावाचा गर लागतो; हरताळात पाव मिळेना, म्हणून कणकेची गोळी घेतली. शेजारीच आई भिंतीला टेकून सुन्न बसलेली, आणि इकडे गालावरची सावली जमली म्हणून मी हरखले. बोटं काळी, नाक काळं. दादा असता तर म्हणाला असता, "आधी स्वतःचं थोबाड बघ गं."

कोळशाचं चित्र उघडं ठेवायचं नाही, हात लागला की पुसतं, हे शाळेतल्या बाईंनी शंभरदा बजावलं होतं. त्यावर चपड्याचा, म्हणजे पातळ केलेल्या लाखेचा, फवारा मारायचा, नाहीतर काच तरी घालायची. डब्यातली चपड्याची बाटली सुकून गेली होती आणि फ्रेमवाल्याचं दुकान बंद. उघडेल दोन दिवसांत, असं म्हणून मी कागद तसाच पुठ्ठ्यावर डकवला आणि तेराव्याला पाटावर ठेवला.

चाळ लोटली. "अगदी तस्साच गो!" समोरची काकू रडायलाच लागली. दादाचे दोस्त चित्राजवळ येऊन पुन्हा पुन्हा बघत होते. मला ते ऐकायला हवं होतं, बघायला हवं होतं. मी दारात उभी राहून कौतुक झेलत होते. तेवढ्यात आई उठली. तिने सहाणेवरचं ओलं गंध अंगठ्यावर घेतलं.

"इलो माझो झील," मुलगा घरी आल्यासारखी ती म्हणाली आणि तिने अंगठा दादाच्या कपाळावर दाबला. मग नेहमीसारखाच, लहानपणी न्हाऊमाखू घातल्यावर फिरवायची तसा, सगळा हात चेहऱ्यावरून खाली फिरवला.



कागदावर राखाडी फरकाटा राहिला. आईने आपला काळा झालेला हात बघितला आणि मूठ मिटली. दिवसभर तिने तो हात धुतला नाही. दुपारी जेवायला बसली तेव्हा मी तिला भरवलं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. खरं तर आता रागवायचं तर माझ्यावरच होतं.

संध्याकाळी तिने मूठ उघडून माझ्यासमोर धरली. "हयच आसा तो. घाल परत कागदार."

मी नवा कागद लावला. शेवटच्या कांडीचा नखाएवढा तुकडा उरला होता. भुवई काढली. पुढे काही सुचेना. मी डोळे मिटले. दादा दिसलाच नाही. मी काढलेलं चित्र तेवढं दिसलं, तेही पुसलेलं. आई हात पुढे करून बसून होती.