आरशासारखं विमान

खरं तर हे सांगायचं नाही असं बाबांनी मला दोनदा बजावलं आहे. एकदा घरी आणि एकदा बसमध्ये. पण हँगरमधले, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमधले किस्से कोपऱ्यातल्या पुसायच्या कापडांसारखे साठत जातात. रविवारी मी सगळी घडी करून ठेवावीत, तर पुढच्या रविवारी तेवढाच ढीग पुन्हा तयार! तुमच्यापैकी कोणी साहेबांना ओळखत नाही, म्हणून सांगते.

साहेबांचं एक छोटं विमान आहे. चार माणसांचं, जुनं, आणि त्याला रंग नाही. नुसता अॅल्युमिनियमचा पत्रा, तोही आरशासारखा चमकणारा. तो चमकता ठेवणं हे माझ्या बाबांचं, म्हणजे बागूलांचं काम. हँगरमध्ये आणखी दोघं असतात. दातार सर हे इंजिनिअर. त्यांची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. आणि तुकाराम मामा हे वॉचमन, पेठ तालुक्याकडचे. मी नववीत आहे. सुट्टीच्या दिवशी बाबांचा डबा घेऊन जाते आणि स्टुलावर बसून कापडांच्या घड्या करते. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे मी तिथे आहे हे सगळे विसरतात. ऐकायला ते बरं पडतं.

*

बाबा आधी अंबडला एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना बफिंग करायचे, म्हणजे मशीनने घासून चमकवायचे. साहेबांनी त्यांना पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ते आपलं मशीन पिशवीत घालून गेले आणि विचारलं, “भांडी कुठे आहेत?”

साहेबांनी विमानाकडे बोट दाखवलं.

बाबांनी विमानाभोवती एक फेरी मारली, पोटाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “आतून पण करायचं का?”

मग दातार सरांनी त्यांना खरी अडचण समजावली. या पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा एक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. चमकतो तो थर. पॉलिश केलं की तो थोडा झिजतो. नाही केलं तर डाग पडून पत्रा खराब होतो.

बाबा म्हणाले, “म्हणजे मी काम केलं तरी नुकसान आणि नाही केलं तरी नुकसान!”

दातार सर म्हणाले, “बरोबर. तुम्ही एका दिवसात शिकलात. मला वर्ष लागलं.”

*

बोटांचे ठसे ही सगळ्यात मोठी कटकट. घामाचा हात लागला आणि लगेच पुसला नाही, तर ठसा पत्र्यात बसतो. म्हणून दातार सरांनी पाटी करून घेतली, ‘विमानाला हात लावू नये’. अक्षरं बारीक होती, कारण पाटीही देखणी दिसायला हवी होती!

साहेबांचे एक पाहुणे आले. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. ते पाटी वाचायला वाकले, आणि तोल सांभाळायला त्यांनी पंखावर पंजा टेकवला. पाटी पूर्ण वाचून होईपर्यंत तो तिथेच होता.

“छान नियम आहे,” ते म्हणाले.

बाबांनी त्या पंज्यावर दोन दिवस घालवले.

*

मागच्या खंडेनवमीला हँगरमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. पाने, स्क्रू ड्रायव्हर, बाबांचं बफिंग मशीन, सगळं मांडून. मग तुकाराम मामांना वाटलं, एवढं मोठं विमान आणि त्याला काहीच नाही? त्यांनी कुंकू कालवून विमानाच्या नाकावर ठसठशीत स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला आणि समोर नारळ फोडला. नारळाचं पाणी पार दारापर्यंत उडालं.

दातार सर दसऱ्यानंतर आले आणि मटकन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. “मामा, अहो, कुंकवात चुना असतो! चुना अॅल्युमिनियम खातो!”

बाबांनी पुसलं. कुंकू गेलं, स्वस्तिक राहिलं. आठवडाभर पॉलिश केलं, तरी तिरप्या उन्हात ते स्वच्छ दिसायचं. दातार सर रोज त्याच्यासमोर उभे राहून कपाळाला हात लावायचे.

तुकाराम मामा मला हळूच म्हणाले, “सर लय भाविक झाले, नाय का?”

*

मग साळुंकी आली. विमान उन्हात बाहेर काढलं की तिला पत्र्यात दुसरी साळुंकी दिसायची आणि ती तिच्याशी भांडायला यायची. चोचीचे ओरखडे आणि वरून शिट. बाबा एका बाजूने हाकलायचे, ती दुसऱ्या बाजूने जाऊन भांडायची. तिथेही तीच शत्रू!

मामांनी उपाय काढला. बाबांचा जुना निळा शर्ट आणि टोपी घालून बुजगावणं तयार केलं आणि पंखाशेजारी उभं केलं. साळुंकी त्याच्या डोक्यावर बसली, दम खाल्ला आणि पुन्हा भांडायला गेली.

दुपारी साहेबांचा फोन आला. ते रस्त्यावरून जाताना कुंपणापलीकडून पाहून गेले होते. “दातार, बागूल दोन तास एकाच जागी उभा आहे. हात पण हलवत नाही. तब्येत बरी आहे ना त्याची?”

बाबा तेव्हा विमानाच्या पोटाखाली पाठीवर झोपून पॉलिश करत होते. सर म्हणाले, “साहेब, तो बागूल नाही.”

“मग माझ्या विमानाजवळ दुसरा कोण उभा आहे?”

*

घरी आई म्हणते, विमान ही तिची सवत आहे. पॉलिशचा चिकटपणा काढायला बाबा पत्र्यावर कॉर्नफ्लोअर लावतात. एकदा दुकान बंद होतं म्हणून त्यांनी घरातला डबा नेला. त्या दिवशी आईने पाहुण्यांना मंचुरियन करायचं कबूल केलं होतं.

“तिला पावडर लावून या,” आई म्हणाली, “आणि येताना माझ्यासाठी कोबी परत करून या.”

आम्ही हसलो. बाबांना हसताना खांदा धरावा लागला. त्यांचा उजवा हात आता कानाच्या वर जात नाही. केस ते डाव्या हाताने विंचरतात. पण पंखाच्या वरच्या बाजूला तो हात कसा पोहोचतो, कुणास ठाऊक.

*

हँगरच्या कुंपणाला लागून भाऊसाहेबांची द्राक्षबाग आहे. या वर्षी छाटणीनंतर पाऊस लांबला आणि बागेवर रोग आला. भाऊसाहेबांनी मोरचूद आणि चुन्याची फवारणी केली, ट्रॅक्टरच्या ब्लोअरने. वारा आमच्या बाजूला होता आणि विमान बाहेर होतं. बाबा आणि सर जेवत होते.

येऊन पाहतात तर एक अख्खी बाजू निळ्या ठिपक्यांची!

दातार सर कुंपणाशी जाऊन ओरडले, “अहो, मोरचूदाने आमचा पत्रा सडेल!”

भाऊसाहेब ट्रॅक्टरवरूनच म्हणाले, “नाय मारलं तर माझी बाग सडंल. तुमचं इमान वर्षातून कितीदा उडतं?”

“सहा-सात वेळा.”

“मग त्याला घडी घालून कपाटात ठेवा की!”

ठिपके धुतले, पण प्रत्येकाखाली एक बारीक काळं टिंब राहिलं. बाबांनी ते मोजायला सुरुवात केली आणि मग सोडून दिलं. दातार सरांनी यंत्र लावून पत्र्याची जाडी पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. “बागूल, बास. आता वरचा थर जेमतेम उरलाय. यापुढे पॉलिश बंद. कोणीही मशीन लावायचं नाही. मीसुद्धा नाही.”

साहेबांनी त्याच संध्याकाळी ठरवलं, विमानाला पांढरा रंग द्यायचा. रंगवलेल्या विमानाला बफिंगवाला लागत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. बाबांनाही विचारावं लागलं नाही. फक्त ते म्हणाले, “रंग लागेपर्यंत तरी मला येऊ द्या.”

*

आता शेवटचा. हाच सांगायचा नव्हता.

गुळगुळीत पत्र्यावर रंग धरत नाही. आधी तो घासून खरबरीत करावा लागतो. पेंटर म्हणाला, माझी पोरं घासतील. बाबा म्हणाले, “नको. ती वाकडंतिकडं घासतील. मी चमकवलंय, मीच घासतो.”

शनिवारी त्यांनी विमानाच्या दारापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत दार राखेसारखं झालं. मी समोर उभी राहिले तर माझं तोंडही दिसेना. बाबांनी घासायचा पॅड खाली ठेवला आणि म्हणाले, “बाकीचं सोमवारी.” त्याच दुपारी आम्ही येवल्याला गेलो, आतेबहिणीचा साखरपुडा होता. बसस्टँडवर दातार सरांनीच आम्हाला सोडलं.

सोमवारी सकाळी आम्ही स्टँडवरून थेट हँगरला गेलो. विमानासमोर साहेब, पेंटर, दातार सर आणि तुकाराम मामा उभे होते. दार झगझगीत चमकत होतं!

“साहेब, शनिवारी मी स्वतः हात फिरवून पाहिलं होतं,” पेंटर म्हणाला. “आज यात माझी दाढी दिसतेय! याच्यावर रंग देऊ कसा?”

“मामा, रविवारी इथे कोण होतं?”

तुकाराम मामा छताकडे पाहत म्हणाले, “साळुंकी होती, साहेब.”

साहेबांनी दातार सरांपुढे कसलासा कागद धरला. सर एरवी बोलताना बोट नाचवल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात खिशात होते. “टेबलावर ठेवा,” ते म्हणाले, “नंतर सही करतो.”

“शेवटचं विचारतो,” साहेब म्हणाले. “हे कोणी केलं?”

मी तोंड उघडणार होते. आयुष्यात पहिल्यांदा, साहेबांसमोर! बाबांनी माझा हात दाबला आणि पुढे झाले.

“मी केलं, साहेब.”

“उद्यापासून येऊ नका.”

“बरं. जाण्याआधी दार पुन्हा घासून देऊ का?”

“नको!”

आम्ही फाटकापर्यंत आलो तर मागून दातार सर जवळजवळ पळत आले. त्यांना धाप लागली होती. “बागूल, तुम्ही का... मी आत्ता जाऊन सांगतो.”

“सर, विमानाला तुमची सही लागते,” बाबा म्हणाले. “माझी कुठे लागते?”

सरांनी खिशातून हात काढून बाबांपुढे धरला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा करून नीट पाहिला आणि म्हणाले, “सर, पॉलिशचं हे वरचं काळं रॉकेलने निघेल. पण नखांतलं काळं आठ दिवस जात नाही. तोवर साहेबांसमोर तुम्ही...”

“मुक्ता! किती हाका मारायच्या? ताटं घे गं, बाबा खोळंबलेत!”

आले, आई! तर बाबा सरांना म्हणाले, तोवर साहेबांसमोर तुम्ही हात खिशातच ठेवा.