त्र्याहत्तरचा पेनल्टी स्ट्रोक

हॉकी सुटली की गुडघे दुखायला लागतात आणि किस्से वाढायला लागतात. आमच्याकडे तर पोतंभर साठलेत! अकोला-अमरावतीकडचे आम्ही पन्नाशी ओलांडलेले खेळाडू दर हिवाळ्यात अकोल्यात जमतो आणि हॉकी वर्ल्ड कपमधली एखादी जुनी मॅच पुन्हा खेळतो. इतिहास वाचण्यापेक्षा खेळावा, हे आमच्या इंगळे सरांचं म्हणणं.

*

पहिल्याच वर्षी देशांवरून भांडण! आमचा गोलकीपर गजूभाऊ, हिवरखेडचा शेतकरी. तो हॉलंडशिवाय दुसरा देश घ्यायलाच तयार नाही. जर्मनीला कीपर नव्हता, म्हणून आम्ही त्याला गळ घातली.

"जमत नाई! माह्या मळ्यात संत्री, हॉलंडची जर्सी संत्र्याची. जर्मनीचं मी काय करू?"

त्या दिवशी जर्मनी कीपरशिवाय खेळली.

*

त्याच मॅचआधी वकीलसाहेबांना हुक्की आली, राष्ट्रगीतं झालीच पाहिजेत. हे अमरावतीचे, आमचे कायमचे अंपायर. शेजारच्या मंगल कार्यालयातून बँडवाला धरून आणला.

"जर्मनीचं येतं का?"

"साहेब, वरातीचं येते. हळदीचं येते. कोणतं वाजवू?"

सगळी जर्मनी वरातीच्या चालीवर सावधानमध्ये उभी! फक्त त्यांच्या सेंटर हाफचा एक पाय ऐकेना.

*

काळ्या मातीला भेगा किती पडतात, हे वऱ्हाडात सांगावं लागत नाही. एकदा बॉल अशा भेगेत गेला की दिसेचना. आम्ही थांबलो. वकीलसाहेब नियमाचे पक्के.

"बॉल मैदानाबाहेर गेलेला नाही. तेव्हा खेळ चालू!"

भेग उकरायला सब्बल येईपर्यंत दोन्ही टीम बॉलशिवाय पळत होत्या. त्यातही एकाला त्यांनी कार्ड दाखवलंच!

*

वकीलसाहेबांच्या बायकोनं एकदा त्यांना सरळ विचारलं, "अहो, ज्या मॅचचा निकाल पन्नास वर्षांपूर्वी लागला, ती पुन्हा काय खेळता?"

साहेब शांतपणे म्हणाले, "आम्ही अपिलात गेलोय!"

*

आता यंदाचा.

इंगळे सर शाळेत पीटी शिकवायचे. गजूभाऊला आणि मला स्टिक धरायला त्यांनीच शिकवलं, गजूभाऊला गोलमध्ये उभंही त्यांनीच केलं. या माणसाला आयुष्यात एकच दुःख, त्र्याहत्तरची फायनल. त्यांनी ती रेडिओला कान लावून ऐकली होती. भारत दोन गोलनी पुढे, मग हॉलंडची बरोबरी. जादा वेळात आपल्याला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, तो हुकला, आणि कप गेला.

"तो स्ट्रोक मले भेटाले पाहिजे होता," सर अजूनही म्हणतात. आपल्यालाच वाईट वाटतं.

यंदा डॉक्टरांनी सरांचं मैदान बंद केलं. सर म्हणाले, "पळू नको म्हणे. मारू नको असं कुठं म्हणला तो!"

मग आम्ही ठरवलं, त्र्याहत्तरची फायनल खेळायची आणि तो स्ट्रोक सरांना द्यायचा. हॉलंडच्या गोलमध्ये अर्थातच गजूभाऊ. त्याला बाजूला घेऊन बजावलं, "सर डावीकडे मारोत की उजवीकडे, तू उलटा पड."

"सांगा लागते काय? सर हायेत माहे!"

मॅच दोन-दोनवर आणली. स्ट्रोकसाठी सर आले. पांढरे कॅनव्हास, कडक इस्त्रीची पँट. चष्मा काढला, पुसला, घातला.

वकीलसाहेबांनी शिट्टी मारली. सरांनी बॉल डाव्या कोपऱ्यात खालून ढकलला. या वयात काय सुंदर मारला!

आणि गजूभाऊचा पाय तिकडेच गेला. पॅडला लागून बॉल बाहेर!

आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. वकीलसाहेब तर अंपायरपण विसरून ओरडले, "अरे गजानन, काय ठरलं होतं आपलं?"

गजूभाऊ गुडघ्यावर बसला. डोळ्यांत पाणी. "पाय आपोआप गेला जी! सर, चुकलो मी. माफ करा."

सर हळूहळू चालत गोलपर्यंत गेले. स्टिकवर रेलून त्यांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग गजूभाऊकडे.

"चुकला? असा पाय टाकाले तुले कोणं शिकवलं बे?"