दहा मिनिटांचा पापुद्रा

प्लास्टिकच्या पातळ भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक, भिंतीच्या दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी. त्या भोकावर मी सकाळपासून ब्रशने स्निग्ध द्रावण फासतेय. ते पातळ होत होत दोन रेणूंच्या जाडीचा पापुद्रा उरला, की झाली पेशीच्या आवरणाची नक्कल. ती दहा मिनिटं टिकली तर पुढचं मोजमाप, आणि ते उद्या सरांना दाखवायचंय. सात पापुद्रे फुटले आहेत.

हादरा नको म्हणून पंखा बंद. घामाने चष्मा घसरतोय, पण तो वर करायचीही चोरी. आठवा नऊ मिनिटांवर आला आणि लॅबमधल्या सुमनमावशींनी चहाचा कप अलगद त्याच टेबलावर ठेवला. पापुद्रा फुटला.

"मी तर आवाजही केला नाही हो, मॅडम. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. मावशी निघून गेल्या.

माझ्या अंगात अशी आवरणं किती असतील. मी धाडधाड जिने उतरते, शिंकते, गरीब बाईवर खेकसते, आणि ही आवरणं आपली शाबूत. त्यांच्यासाठी कुणी कधी पंखा बंद केलेला नाही.

नववाही फुटला. चहाकडे वळले तर तो गार झालेला, वर जाड साय. वैतागून कप टेबलावर आपटला. साय नुसती सुरकुतली. फाटली नाही.